जबड्यापासून चौदा मिलीमीटर

३ फेब्रुवारी
नोंद विभाग, दुपारची सुट्टी

धाकट्या,

मी तुझा थोरला भाऊ. वय सत्तावन्न, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी, हुद्दा कारखान्याच्या चाचणी-नोंद विभागाचा प्रमुख. हे सर्व तुला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण नऊ वर्षे दोन महिने ज्याच्याशी पत्रव्यवहार नाही त्याला आधी आपली ओळख द्यावी, असे मला वाटते. पत्राचा हेतू एकच आहे. तुझ्याकडे असलेली एक वस्तू मला परत हवी आहे.

वर तुझ्या संबोधनाखाली 'अनेक आशीर्वाद' असे लिहून त्यावर एक रेघ ओढलेली तुला दिसेल. ते देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, याची खात्री नव्हती. दुसरा कागद घेता आला असता. पण लिहिलेले खोडायचे तर एकच सरळ रेघ मारायची, जुने शब्द वाचता आले पाहिजेत, शेजारी नवे लिहून सही आणि तारीख घालायची, हा माझ्या विभागाचा नियम आहे. तू त्याची थट्टा करायचास.

आता वस्तूविषयी. धक्का आणि पाण्यावरचा तराफा यांना जोडणारा अॅल्युमिनियमचा पूल आपल्या कारखान्याने बनवला, तेव्हा त्याच्या बिजागरीच्या पट्टीसाठी वेल्ड केलेले सात नमुने थकवा-चाचणीला, म्हणजे यंत्रात धरून पुन्हा पुन्हा वाकवून पाहायला, लावले होते. सातही तू जोडले होतेस. सहा नमुने वीस लाख आवर्तने सोसून अखंड राहिले. सातवा चार लाख बारा हजारांवर तुटला. नोंदीप्रमाणे तो, नमुना घट्ट पकडणाऱ्या यंत्राच्या जबड्यापासून चार मिलीमीटर अंतरावर तुटला. पाच मिलीमीटरच्या आत तुटलेला नमुना जबड्याच्या दाबाने गेला असे धरून बाद करतात, त्यानुसार तोही बाद झाला.

मागील आठवड्यात जुन्या फायली लावताना नमुने वितळवल्याची पावती हाती आली. सहा अखंड आणि एकाचे दोन अर्धे, असे आठ नग भट्टीत जायला हवे होते. पावतीवर सात आहेत. अक्का म्हणते की तुझ्या दुकानात, जिथे तू चाकांच्या खुर्च्यांच्या चौकटी जोडतोस, तिथल्या टेबलावर एक चंदेरी तुकडा असतो आणि तू त्याला कुणाला हात लावू देत नाहीस. फाईल पूर्ण करण्यासाठी तो आवश्यक आहे. रजिस्टर पार्सलने पाठवावा. टपालखर्च मी देईन.

अक्काची प्रकृती ठीक आहे. जूनमध्ये ती निवृत्त होईल. तोपर्यंत पलीकडच्या काठावरची शाळा आणि रोज दोन वेळा त्याच पुलावरून फेरीबोट. परवा जेवताना म्हणाली, "तुमचा पूल हल्ली कण्हतो रे." मी म्हटले, बिजागरीला वंगण कमी पडले असेल.

तुझा
दादा


१२ फेब्रुवारी
नोंद विभाग, सकाळी कामकाज सुरू होण्यापूर्वी

धाकट्या,

तुझे उत्तर मिळाले. पाच वाक्यांचे आहे, पण आले हे महत्त्वाचे. ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी कशाला उत्तर देत आहे याविषयी संदेह राहणार नाही: "तुकडा आहे. त्याच्यावर मी चहाचा पेलासुद्धा ठेवत नाही, एवढा त्याचा मान आहे. फाईल पूर्ण करायला नऊ वर्षांनी जाग आली का? खरं कारण लिही, दादा. नाहीतर पत्रं लिहू नकोस."

खरे कारण असे. अक्काचे ते वाक्य ऐकल्यानंतरच्या रविवारी मी धक्क्यावर गेलो. तिकीटघराशेजारच्या बाकावर हातातले मोजणीयंत्र घेऊन सकाळी सहापासून शेवटच्या बोटीपर्यंत बसलो. दिवसात बोट चौसष्ट वेळा लागते. लागताना ती तराफ्याला दाबते, तराफा बसतो, पूल बिजागरीत वाकतो. सुटताना तराफा उसळतो आणि पूल पुन्हा वाकतो. दिवसाला एकशे अठ्ठावीस मोठी आवर्तने झाली. बारीक लाटा मी धरल्या नाहीत. पूल सुरू होऊन आठ वर्षे नऊ महिने झाले. गुणाकार तुला करून देतो: चार लाख आठ हजार आठशे.

सातवा नमुना चार लाख बारा हजारांवर गेला. बाकी राहिली तीन हजार दोनशे. पंचवीस दिवस.

पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा भार कितीही वेळा दिला तरी ते सोसत राहते, आणि अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नसते, हे मला तूच शिकवलेस. जेवणाच्या डब्याचे झाकण वाकवून दाखवले होतेस. "हे विसरत नाही, दादा. लहानसहान सगळं धरून ठेवतं, आणि वेल्डच्या कडेला तर जास्तच." झाकण तुटले तेव्हा तो डबा माझा आहे हे तू सांगितलेस.

काल मी व्यवस्थापकांकडे गेलो. संभाषण जसेच्या तसे देतो.

"पुलाची पाहणी करावी लागेल," मी म्हणालो.

"कशावरून?"

"सातव्या नमुन्याच्या निकालाविषयी शंका आहे."

त्यांनी अहवाल मागवला आणि शेवटचे पान माझ्याकडे फिरवले. "ही सही कोणाची? सहा नमुने वीस लाखांवर गेले, सातवा बाद, असं तुम्हीच लिहिलंय. आता तुम्हालाच शंका? साहेब, निवृत्तीला तीन वर्षं राहिली तुमची, कशाला जुनं उकरत बसता?"

"शंका रास्त आहे."

"असेल. पण मनात आलं म्हणून वाहता पूल बंद होत नाही. काहीतरी हातात आणा."

म्हणून तुकडा हवा आहे. त्यावर जबड्याचे वळ असतील. वळ ते तुटलेली कड, हे अंतर पुन्हा मोजता येईल. ते चारपेक्षा जास्त भरले तर नोंद चुकली, हे सिद्ध होईल. मूळ तक्ता कार्बन लावून भरलेला होता, आणि कार्बनची प्रत फिकी येते हे तुला ठाऊक आहे. अंतर चौदा असणे शक्य आहे. पुढचा एक उमटला नसावा.

पार्सल शक्य तितक्या लवकर पाठवावे.

दादा


२० फेब्रुवारी
नोंद विभाग, दुपारची सुट्टी

धाकट्या,

बाकी दोन हजार एकशे शहात्तर.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. त्यातला पहिला परिच्छेद आधी घेतो. तू लिहितोस की हा आकडा म्हणजे काही बोटीचे वेळापत्रक नाही, की नऊ मार्चला नऊ वाजता पूल सुटेल. "धातूला कॅलेंडर कळत नाही, दादा. चाचणीतला भार वेगळा, पुलावरचा वेगळा. तो उद्या जाईल, चार वर्षांनी जाईल, कदाचित मागच्या महिन्यातच तडा पडलाय आणि तू बाकी काढत बसलायस." हे मला मान्य आहे. तरी मी बाकी काढत राहीन. मला दुसरे काही येत नाही.

दुसरा परिच्छेद असा आहे: "एक उमटला नाही, की तू उमटू दिला नाहीस? त्या खोलीत मी होतो. यंत्रावरचे काका व्हर्नियर लावून ओरडले होते, चौदा! त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून ते सगळंच ओरडून सांगायचे. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही ऐकलं असेल. आणि ऐकलं नाही कोणी? माझ्या दादाने."

काका मागच्या वर्षी वारले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. हे लिहिण्याचे कारण एवढेच, की त्या आकड्याचा साक्षीदार आता तुझ्यामाझ्याशिवाय कोणी नाही, हे मला तेव्हाच जाणवले होते. आणि ते जाणवून मला हलके वाटले होते.

मी ऐकले होते. चौदा ऐकले आणि चार लिहिले. कार्बनचे मी जे लिहिले ते खोटे होते.

आता का, ते लिहितो. मालकांनी मला सांगितले नव्हते. व्यवस्थापकांनी सांगितले नव्हते. पूल देण्याची तारीख जवळ आली होती हे खरे, पण एक नमुना तुटला म्हणून तारीख चुकली असती तर माझी नोकरी गेली नसती. कारण तू होतास. तुला कारखान्यात मी लावले होते, आणि 'साहेबांचा भाऊ' हे शब्द मी गाळ्यातून जाताना मागून ऐकत असे. सात नमुन्यांपैकी एक तुटला आणि तो तुझ्या हातच्या जोडावर तुटला, हे त्या तक्त्यात जाणार होते. जबड्यात तुटला असे लिहिले तर दोष यंत्राचा. जोडणाऱ्याच्या नावाला काही लागत नाही. मी पेन टेकवले तेव्हा माझ्या मनात तुला वाचवणे होते. निदान निम्म्याने तरी.

तू दुपारी माझ्या टेबलापाशी आलास. ते मला शब्दशः आठवते.

"दादा, सातवा बाद का केलास?"

"तुझ्याच भल्यासाठी."

"माझं भलं? अरे, तो तुटावा म्हणूनच तर तसा बनवला मी! बाकीचे सहा मी टेबलावर सपाट ठेवून, एका दमात जोडलेत. पुलावर कोण देणार आहे टेबल? बिजागरीची पट्टी जोडताना माणूस खाली शिरतो, कुशीवर पडतो, आणि अर्ध्यात हात बदलायला थांबतो. थांबला की तिथे खळगा पडतो आणि खळग्यात बारीक चीर असते. वरून घासून गुळगुळीत केलं की कोणाला दिसत नाही. सातवा मी तसाच केला. खाली शिरून, कुशीवर पडून, हात बदलून. जोडसुद्धा टोकाकडे घेतला, खऱ्या पट्टीवर असतो तसा. सहा टेबलावरचे आहेत, दादा. सातवा कामावरचा आहे."

हे तू सर्व जोडाऱ्यांसमोर बोललास. मग म्हणालास, "पण कॉमर्सवाल्याला काय सांगायचं. याला हाड मोडलं तर हा आधी विचारेल, किती प्रतींत मोडलं?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मग आत जाऊन दार लावले आणि तुझ्या सेवापुस्तकात लिहिले: 'दुराग्रही. चाचणीच्या कामावर ठेवू नये.' ते तुला वाचवण्यासाठी नव्हते. त्या शेऱ्यानंतर तुला झाडलोटीच्या पाळीवर टाकले, आणि अकराव्या दिवशी तू हजेरीपत्रकावर सही न करता गेलास.

आता तुला सर्व माहीत आहे. तुकडा पाठव. तो मिळताच मी 'पुनर्मोजणीत तफावत आढळली' असे पत्र देईन आणि त्याच दिवशी पूल बंद होईल.

दादा


२७ फेब्रुवारी
धक्क्यावरील बाक, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे

धाकट्या,

बाकी एक हजार दोनशे ऐंशी. लागलेली बोट धरली तर एक हजार दोनशे एकोणऐंशी.

परवा मी धक्क्याच्या अधिकारी बाईंकडे गेलो होतो. कारखान्यावाचून काम होते का ते पाहावे, असा विचार होता. त्यांच्या टेबलावर दोन दूरध्वनी, एक ओला रेनकोट आणि तक्रारींचा ढीग होता. माझे म्हणणे त्यांनी उभ्याउभ्याच ऐकले.

"तुम्ही पुरावा आणलाय की शंका?" त्यांनी विचारले. "शंका मी रोज दहा ऐकते. मागच्या आठवड्यात एकजण सांगून गेला की तराफ्याखाली मगर आहे."

"पुरावा मागवला आहे. पार्सलने यायचा आहे."

"मग आल्यावर या. नाहीतर एक लेखी द्या. पूल धोक्याचा आहे हे मला कशावरून कळलं ते स्पष्ट लिहायचं, खाली नाव, हुद्दा, सही. तुमच्यासारख्याचं लेखी आलं तर मला बंद करावाच लागेल. इथे पेन आहे."

पेन बांधलेले होते, निळ्या दोऱ्याने. मी म्हणालो की पार्सल येऊ दे.

परत आलो तर तुझे कार्ड आलेले होते. "तुकडा पोस्टात टाकलेला नाही. टाकणार नाही. 'पुनर्मोजणीत तफावत' म्हणे! तुकडा मिळाला की तू त्याच्या मागे उभा राहशील, आणि नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी कुठेतरी चुकलं एवढंच कागदावर येईल. मोजणाऱ्याचं बरोबर होतं, दादा. चुकलं नव्हतं कोणी. अक्का रोज दोनदा जाते. तुझ्याकडे पेन आहे."

मी चिडलो. तुला माणसांपेक्षा माझी शोभा करण्यात अधिक रस आहे, असे चार ओळींचे उत्तर लिहिले. ते टाकले नाही. ते खोडलेलेही नाही, खिशात आहे.

आज सकाळचे सांगतो. मी सव्वासातला इथे येऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. अक्का साडेसातच्या बोटीसाठी आली. एका हातात वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री.

"तू इथे काय करतोस रे? कारखाना हलवला की काय धक्क्यावर?"

"अक्का, आज वरच्या रस्त्याने जा. मोठ्या पुलावरून बस आहे."

"तिकडून दीड तास लागतो. आठला शाळा भरते माझी."

"एक दिवस उशीर झाला तर काय होईल?"

"एकतीस वर्षांत झालेला नाही, तो आता चार महिन्यांसाठी करू? का पण? पूल पडणार आहे का तुमचा?" ती हसत होती.

धाकट्या, मी नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. मी म्हणालो, "बिजागरीचं काम काढायचंय म्हणून म्हटलं."

"मग काढा की. आमचे पाय काय तुमचे हात धरतायत?" ती म्हणाली, आणि गेली.

पूल बावीस मीटरचा आहे. ती छत्री टेकत चालते. तिच्या पुढे एक माणूस सायकल हातात धरून होता, मागे भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका, आणि गणवेशातल्या मुलींचा एक घोळका, बारा जणी, मी मोजल्या. बोट लागत होती, सगळे घाईत होते. तराफा बसला. डाव्या बिजागरीतून आवाज आला. अक्का ज्याला कण्हणे म्हणते तो. मी तिच्या पाठीकडे पाहत उभा राहिलो. ओरडायचे असते तर एकच शब्द पुरेसा होता. तिने तराफ्यावर पाय ठेवेपर्यंत माझ्या तोंडातून तो निघाला नाही.

तू तुकडा का पाठवत नाहीस ते मला या बाकावर बसल्यावर कळले. तुकडा आला असता तर मी तिला आजही असेच जाऊ दिले असते, आणि दुपारी 'तफावत आढळली' असे लिहिले असते, आणि मला काहीच माहीत नव्हते असे आयुष्यभर वागलो असतो.

ती दुपारी दोनला याच पुलावरून परत येते. अधिकारी बाईंचे कार्यालय नऊला उघडते. आता आठ अडतीस झाले आहेत.

दादा


२ मार्च
धक्क्याच्या कार्यालयाबाहेरील बाक

धाकट्या,

पूल बंद आहे.

सत्तावीस तारखेला नऊ वाजता मी ते लेखी दिले. पाच वाक्यांचे आहे, तुझ्या पहिल्या पत्राएवढे. त्यात तफावत हा शब्द नाही. 'सातव्या नमुन्याचे जबड्यापासूनचे अंतर चौदा मिलीमीटर आहे असे मला मोजणाऱ्याने मोठ्याने सांगितले. मी ते ऐकले. मी जाणूनबुजून चार लिहिले. तो नमुना प्रत्यक्ष पुलावरील जोडाप्रमाणे बनवलेला एकमेव नमुना होता. हे सांगण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही.' शेवटचे वाक्य लिहिताना थांबलो होतो, कारण ते पूर्णपणे खरे आहे की नाही याचा निर्णय होईना. तू भाग पाडले आहेस. पण ते वाक्य कायद्याच्या अर्थाने ठीक आहे, म्हणून राहू दिले.

बाईंनी ते वाचले. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "हे तुम्ही लिहिलंय? शुद्धीत?"

"हो."

"मग उठा, चला. साखळी जड आहे, एका हाताने ओढवत नाही मला."

नऊ वाजून सतरा मिनिटांनी आम्ही दोघांनी पुलाच्या तोंडाशी साखळी लावली. फेरीबोट दुसऱ्या धक्क्याला वळवली. तिथून घरी यायला चाळीस मिनिटे जास्त लागतात. लोकांनी मला जे सुनावले ते इथे देत नाही. सायकलवाल्याचे तेवढे देतो: "काका, स्वतः बांधायचा आणि स्वतःच साखळी घालायची, हा काय खेळ आहे?" त्याला सर्व माहीत असल्यासारखा तो बोलला.

अक्का पावणेतीनला पोचली. मी तिला थांबवून सर्व सांगितले, उभ्याने, रस्त्याच्या कडेला. तिने वह्यांची पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे सकाळी मी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि मी हसत होते, आणि तू बिजागरीचं काम काढायचंय म्हणालास."

"हो."

"माझ्या मागे मुली होत्या. आमच्या शाळेच्या."

मी म्हणालो, बारा होत्या.

तो आकडा सांगायला नको होता. तिने पिशवी उचलली. "काही दिवस घरी येऊ नकोस," ती म्हणाली. "मला काही समजावूनही सांगू नकोस. लिहायचं ते धाकट्याला लिही. त्याला नऊ वर्षं आम्ही हट्टी म्हणत आलो."

आज सकाळी तपासनीस आला. त्याने डावी बिजागरी उघडली, रंग खरवडला, पट्टी धुऊन कोरडी केली. मग तिच्यावर लाल द्रव लावला, वीस मिनिटे मुरू दिला, स्वच्छ पुसला आणि वर पांढरी भुकटी फवारली. चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग भुकटीवर उमटतो. तो, अधिकारी बाई आणि मी, आम्ही तिघे वाकून पाहत होतो. बराच वेळ पांढऱ्यावर काही नव्हते. खरे सांगतो, त्या वेळात काहीच उमटू नये असे मला वाटत होते, आणि उमटावे असेही वाटत होते, आणि दोन्ही माझ्यासाठीच वाटत होते. मग एका जागी गुलाबी ठिपका आला. तो लांबत गेला. तपासनिसाने मोजपट्टी लावली. एकतीस मिलीमीटर. बिजागरीच्या पट्टीची रुंदी ऐंशी आहे.

चीर वेल्डच्या कडेला आहे. जोडणारा जिथे कुशीवर पडून हात बदलतो, बरोबर तिथे.

तपासनीस म्हणाला, घासून पुन्हा वेल्ड मारू. मी म्हणालो, तसे करू नये, पुन्हा तापवले की शेजारचा भाग आणखी मऊ पडतो, पट्टी नवीन घालावी आणि ती पालथी करून सपाट जोडता येईल अशी घडवावी. त्याने विचारले, "तुम्ही इंजिनियर का?" मी म्हणालो की मी वाणिज्य पदवीधर आहे, हे माझ्या भावाचे मत आहे. त्याने तुझा पत्ता लिहून घेतला आहे. तो तुला लिहील. यावे की न यावे, हे तू ठरव.

कारखान्याने मला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केले आहे. चौकशीत काय होईल ते मला ठाऊक आहे, आणि ते योग्य होईल. किल्ल्या देण्याआधी विभागात अर्धा तास मिळाला. व्यवस्थापक दारात उभे होते, म्हणाले, "आता आणखी काय लिहिताय?" मी म्हणालो, राहिलेले.

आधी तुझे सेवापुस्तक काढले. 'दुराग्रही' वर रेघ मारली, शेजारी लिहिले: 'शेरा चुकीचा, द्वेषाने लिहिलेला.' सही, तारीख. मग चाचणीचा तक्ता काढला. सातव्या नमुन्यापुढच्या 'बाद' वर रेघ मारून 'ग्राह्य' लिहिले. अंतराच्या रकान्यात चारवर रेघ मारून चौदा लिहिले. सही, तारीख.

तुकडा पाठवू नकोस. तो तुझ्या टेबलावरच असू दे.

रेघ एकच मारली आहे, सरळ, नियमाप्रमाणे. खालचा चार वाचता येतो.

तुझा
दादा
नोंद विभागप्रमुख, आजपर्यंत
साखळीच्या अलीकडे, धक्का
२ मार्च, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे